सात गुरुवारचं ऊन

अन्याय माझ्या थोरल्या वहिनीवर झाला. ७ मे १९८१, गुरुवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास, वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी) गावी, आमच्या अंगणात. वीस-पंचवीस माणसांसमोर तिला चोर ठरवलं. चौकशी झाली नाही, तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. पुरावा म्हणून फक्त एक खडा होता, आणि तो खडा काय सांगतोय हे कळणारं तिथे कुणी नव्हतं. तिच्याविरुद्धचं पहिलं वाक्य मी बोललो. म्हणून हे मलाच लिहायचं आहे.

खडा बाबांच्या अंगठीतला. आमच्याकडे त्याला पुष्कराज म्हणत. आजोबांनी वर्ध्याला एका फिरत्या जव्हेऱ्याकडून एकाच मोठ्या खड्यातून पाडलेले दोन तुकडे घेतले होते. एक बाबांच्या अंगठीत बसवला, दुसरा आत्याच्या. आत्या म्हणजे बाबांची बहीण. तिला गावातच दिलेली, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर तिचं घर. दोन्ही खडे तुरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, रंग जुन्या मधाचा. कंदिलाजवळ धरले की आत लालसर झाक दिसायची. अंगठी खालून उघडी, कारण खडा कातडीला लागला पाहिजे असं मानतात. दसरा, दिवाळी आणि कुणाचं लग्न एवढ्यापुरतीच ती बाहेर निघायची. बाकी वर्षभर लाल फडक्यात, डबीत, लोखंडी कपाटात. हे कपाट आणि हा अंधार लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

थोरला भाऊ वर्ध्याच्या एका कचेरीत रोजंदारीवर होता. नोकरी पक्की होत नव्हती. बाबा पत्रिका बघणाऱ्या एका माणसाकडे गेले. त्याने अंगठी पाहिली आणि सांगितलं, "गुरू झोपला हाये. खड्याचं तेज गेलं. तेज चढवा लागते."

तेज चढवण्याची रीत अशी. होळीनंतरच्या गुरुवारपासून सात गुरुवार. सूर्योदयाला अंगठी कच्च्या दुधात आणि हळदीच्या पाण्यात धुवायची. पितळेच्या ताटलीत तुळशीच्या कट्ट्यावर ठेवायची. सूर्य मावळेपर्यंत उन्हातून हलवायची नाही, सावली येऊ द्यायची नाही. संध्याकाळी हळदीच्या फडक्यात गुंडाळून डबीत बंद. सातव्या गुरुवारी उन्हात ठेवण्याआधी सगळ्यांसमोर डबी उघडायची, आणि तोवर घरातल्या पुरुषांनी खडा पाहायचा नाही. करायचं कुणी? घरच्या सुनेने.

वहिनी कारंज्याची, म्हणजे कारंजा (घाडगे) इथली. तिच्या भावाचं तिथे हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे काम तिने जसं केलं तसं मी कुठलंच काम कुणाला करताना पाहिलं नाही. विदर्भातलं चैत्राचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तुळशीवर कडुलिंबाच्या फांदीची सावली दुपारी सरकत यायची. सावली आली की ही डोक्यावर पदर घेऊन बाहेर यायची आणि ताटली वीतभर सरकवायची. दिवसातून आठ-दहा वेळा. पाचव्या गुरुवारी तिच्या लहान बहिणीचं डोहाळजेवण होतं, कारंज्याला. गुरुवार चुकू नये म्हणून ती डबी सोबत घेऊन गेली, तिथल्या तुळशीवर अंगठी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. मायला, म्हणजे माझ्या आईला, विचारून गेली होती. हेही लक्षात ठेवा.

सातव्या गुरुवारी अखितीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, पूजा होती. भावकी जमली होती, आत्या आली होती, शेजारपाजार होता. मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. नवीन नवीन वाचायला लागलो होतो आणि खरं ते तोंडावर बोलायचं असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. त्या वयात याला बाणा म्हणतात.

बाबांनी डबी उघडली, फडकं सोडलं. खडा पाण्यासारखा पांढरा. मधाचा मागमूस नाही. चकाकत होता, पण रंग कुठेच नव्हता. मी पुढे वाकलो आणि मोठ्याने बोललो, "हा खडा तो नाही."

बस, एवढंच बोललो. पुढचं सगळं इतरांनी केलं.

"मंग तो कुठी गेला?" आत्या म्हणाली.

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. ती पूजेचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. तिला अजून कळलंच नव्हतं.

"तोच हाये ना," ती म्हणाली. "दर गुरुवारी थोडा थोडा उजळून राह्यला होता. मले वाटलं, तेज चढून राह्यलं."

अंगणात हशा पिकला. तो हशा मला अजून ऐकू येतो. एक चुलता म्हणाला, "असं तेज चढलं का रंगच उडून गेला!" आत्या हसली नाही. ती म्हणाली, "पाचव्या गुरुवारी डबी कुठी होती, सूनबाई?"

"कारंज्याले. मायले इचारून नेलती."

"कारंज्याले. हायवेवर. भावाच्या दुकानासमोर रोज शंभर ट्रक उभे राह्यते. एखाद्या ट्रकवाल्याले खडा देल्ला अन् काच बसवून आणली, तं कोणाले समजते?"

"आत्याबाई, तुळशीची शपथ घेतो मी."

"तुळशीले कायले मधात आणतं?"

तिची पेटी बाहेर आणली. अंगणात उघडली. लुगडी, पोलकी, आरसा, टिकल्यांचं पाकीट, माहेरची दोन पत्रं, सगळं अखितीच्या रांगोळीवर पडलं. मी हे पाहत उभा होतो. थोरला भाऊ चपला शोधत होता. बराच वेळ शोधत होता. माय चुलीपाशी जाऊन बसली. बाबा शेवटी बोलले, तेही तिच्याकडे न बघता. "खडा घेऊन ये. मंगच या घरात ये."

दुपारच्या एसटीला तिची पेटी मी उचलून नेली. तेवढं माझ्याकडून झालं. स्टँडवर ती रडली नाही. गाडी लागल्यावर म्हणाली, "भाऊजी, तुमी खरं बोलणारे. मंग सांगा, मी चोर हाये का?"

मी म्हणालो, "वहिनी, खडा तर वेगळा आहे ना." अशा वेळी असं उत्तर देणारा माणूस मी होतो.

पुढची दोन वर्षं मी पत्रकं काढत होतो. अंगठ्या विकणाऱ्यांविरुद्ध, भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध, ताईत बांधणाऱ्यांविरुद्ध. आम्ही पाच-सहा जण होतो, सायक्लोस्टाइलचं मशीन उधारीवर मिळायचं, बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायचो. माझ्या एका पत्रकाची सुरुवात अशी होती: 'पुष्कराज म्हणजे रंगीत काच. काचेने नशीब बदलत नाही.' मोठ्या टायपात. मी स्वतःवर खूश होतो. वहिनीचं नाव घरात कुणी घेत नव्हतं आणि मीही घेत नव्हतो. तिच्यावरच्या अन्यायाला जबाबदार तो पत्रिका बघणारा आहे, अंधश्रद्धा आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. मनातून मात्र मला ती चोरच वाटत होती. अंधश्रद्धेचा बळी, पण चोर. हेही लिहितो.

१९८३ च्या दिवाळीनंतर ते पत्रक घेऊन मी नागपूरला एका कॉलेजात गेलो. तिथे भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर होते, आमच्या कामाबद्दल सहानुभूती असलेले. मला त्यांची सही आणि पाठिंबा हवा होता. सरांनी पत्रक वाचलं, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर काट मारली.

"काच नाही," ते म्हणाले. "तुम्ही दगडाविरुद्ध पत्रक काढलंत. दगड पाहिला आहे का कधी?"

"आमच्या घरीच आहे."

"घरी असून काच लिहिलंत? मग तर कमालच."

त्यांनी एक ट्रे काढला. कापसाच्या गादीवर खडे मांडलेले. सगळे एकाच जातीचे, इंग्रजीत ज्याला टोपाझ म्हणतात ते. त्यांनी मला आधी हेही सांगितलं, की सराफ्यात पुष्कराज म्हणून जो महाग पिवळा खडा दाखवतात तो बहुधा याहून कठीण अशा दुसऱ्या जातीचा असतो, आणि 'सुनेला' या नावाचा स्वस्त खडा म्हणून विकतात ती पिवळी गारगोटी. नावाच्या भांडणात पडू नका, हातातला दगड कोणता ते बघा, असं त्यांचं म्हणणं.

मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एक अगदी पाण्यासारखा. एक फिका निळा, हिवाळ्यातल्या सकाळच्या आभाळासारखा. एक पिवळा. एक मधासारखा, अगदी आमच्या अंगठीतल्यासारखा. एक त्याहून गडद, चहाच्या कोऱ्या पाण्यासारखा. आणि एक बारीक कण गुलाबी. तो सरांनी बोट लावू न देता लांबूनच दाखवला. "हा क्वचित मिळतो," म्हणाले. "सगळ्यात जास्त सापडतो तो बिनरंगी. त्याला कुणी विचारत नाही. हल्ली परदेशात त्याच बिनरंगीवर किरणांचा मारा करतात, मग तापवतात, आणि गडद निळा करून विकतात."

"म्हणजे रंग बाहेरून देता येतो?"

"देता येतो. घालवताही येतो."

हे वाक्य मी ऐकलं आणि कळलं मात्र पुढच्या अर्ध्या तासात. सर खड्याचे गुण दाखवत होते आणि मी मुलासारखा बघत होतो. त्यांनी गारगोटीचा एक स्फटिक घेतला, त्यावर टोपाझचा कोपरा दाबून ओढला. रेघ उठली. पुसली तरी राहिली. "काच गारगोटीवर रेघ ओढू शकत नाही. हा ओढतो." मग सारख्या मापाची गारगोटी आणि टोपाझ माझ्या दोन तळहातांवर ठेवले. टोपाझ जड लागला. त्याच मापाच्या पाण्याच्या साडेतीन पट याचं वजन, गारगोटीचं पावणेतीनच्या आत, असं त्यांनी सांगितलं. मग लोकरीच्या तुकड्यावर खडा बराच वेळ घासला आणि कापसाच्या एका तंतूजवळ नेला. तंतू उडी मारून खड्याला चिकटला. शेवटी एक तुटका नमुना दाखवला. तुटलेली बाजू आरशासारखी सपाट. "एवढा कठीण, पण एका विशिष्ट दिशेने ठोका बसला की सरळ फाटतो. आमच्या शिपायाच्या हातून पडला. बिचारा महिनाभर माझ्यासमोर येत नव्हता. त्याची चूक नव्हती, दगडाची जातच तशी."

मग मी विचारलं. विचारायला दोन वर्षं उशीर झाला होता.

"सर, मधाच्या रंगाचा खडा आपोआप पांढरा होतो का?"

"आपोआप नाही. काही खाणींतल्या तपकिरी, मधाळ खड्यांचा रंग कच्चा असतो. जमिनीखाली, अंधारात, किरणोत्साराने आलेला रंग. अंधारात ठेवा, शंभर वर्षं राहील. कडक उन्हात ठेवा, काही दिवसांत उडतो. कायमचा. कुठे ठेवला होता तुम्ही?"

मी सांगितलं. तुळस, पितळेची ताटली, सात गुरुवार, सूर्योदय ते सूर्यास्त, वर्धा जिल्हा.

सरांनी ट्रे झाकला. मग म्हणाले, "फार मन लावून केलं असेल कुणीतरी."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

मी घरी गेलो, मायने बाबांच्या नकळत अंगठी दिली. "वापस आणजो," एवढंच म्हणाली. सरांनी भिंगातून पाहिलं, कडेचा कोपरा गारगोटीवर ओढला, लोकरीवर घासून तंतू चिकटवला. टोपाझ. काच नाही, गारगोटी नाही. आता साधा विचार करा. हा विचार करायला कुठलंही शास्त्र लागत नाही. चोरी करून खडा ट्रकवाल्याला विकणारी बाई त्या जागी त्याच जातीचा, त्याच मापाचा, त्याच पैलूंचा दुसरा खरा खडा शोधून आणून बसवेल का? एका दिवसात? कारंज्याला? अंगणातल्या वीस-पंचवीस माणसांपैकी एकजण जरी अंगठी घेऊन वर्ध्याच्या सराफाकडे गेला असता, तरी काच नाही एवढं त्याच दिवशी कळलं असतं. कुणी गेलं नाही. पेटी उघडायला मात्र चार जण धावले.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "उन्हानं दगडाचा रंग जाते? तुया कॉलेजात काहीही शिकवते काय बे? आपल्या वावरातले गोटे जन्मापासून उन्हात हायेत."

मग एकच मार्ग होता. आत्याचा खडा. जुळा, त्याच मोठ्या खड्यातला, तोही वर्षभर डबीत, अजून मधाच्या रंगाचा. तो उन्हात ठेवायचा.

आत्या ऐकायला तयार नव्हती. "माया खडा काऊन पांढरा करतं? तुले वैनीचा पुळका आला तं तुया खडा आण." मी म्हणालो, "आत्या, तुमचा रंग गेला नाही तर मी पाया पडून माफी मागेन, वहिनी चोर आहे असं स्वतः पत्रक काढेन." यावर ती मोहात पडली. मला खोटं ठरवायची तिला फार हौस होती. पण अट घातली: गुरुवारीच ठेवायचा, त्याच ताटलीत, त्याच तुळशीवर, आणि राखण ती स्वतः करणार. मध्ये कुणी हात लावायचा नाही.

१९८४ ची होळी झाली आणि पहिल्या गुरुवारी आत्या आली. सोबत मोठी काळी छत्री, पाण्याचा तांब्या, भाजलेल्या कैरीचं पन्हं. तुळशीसमोर बाज टाकून बसली. उन्हात तापून लाल व्हायची, पण उठायची नाही. सावली सरकली की ताटली स्वतः सरकवायची. एकदा छत्रीची सावली ताटलीवर पडली तर मी ओरडलो. ती म्हणाली, "बस ना गड्या, इतकं काय! लग्न लावून राह्यला का खड्याचं?" माय आतून हसली. त्या घरात दोन-तीन वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

बाबा दर गुरुवारी मुद्दाम वावरात जायचे.

चौथ्या गुरुवारची संध्याकाळ. ऊन उतरलं होतं. आत्याने अंगठी उचलली, पदराला पुसली, डोळ्यांजवळ धरली. तिला आमच्यापैकी कुणाचंच भान नव्हतं. ती आपल्याशीच खुशीत बोलली, "पाह्य वं बाई! उजळून राह्यला माया खडा. चांगलं तेज चढून राह्यलं."

माय दारात उभी होती. तिच्या हातातली परात खाली ठेवली गेली. पडली नाही, ठेवली गेली, हळू. आत्याने मान वर केली. आपण काय बोललो ते तिला मायच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याच अंगणात, त्याच तुळशीसमोर, तेच शब्द. त्यावर तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कुणी हसलं नाही.

आत्या त्या दिवशी छत्री विसरून घरी गेली.

पुढचे तीन गुरुवार ती आली, बसली, पण बोलली नाही. सातव्या गुरुवारी बाबा घरी थांबले. दोन्ही अंगठ्या शेजारी ठेवल्या. दोन पाण्याचे थेंब. ओळखायच्या त्या फक्त सोन्यावरच्या झिजेच्या खुणांवरून. बाबांनी दोन्ही उचलून पाहिल्या, परत ठेवल्या. म्हणाले, "दगडंच हलके होते." आणि टोपी घालून निघाले. दाराशी थांबून भावाला म्हणाले, "जाय. तिले घेऊन ये."

भाऊ कारंज्याला गेला. संध्याकाळी एकटाच परत आला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "नाई येत म्हणते."

मग मी गेलो. वहिनी भावाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. गावातल्या बायकांची पोलकी शिवत होती. समोर हायवेवर ट्रक धडधडत होते, टायर ठोकल्याचे आवाज येत होते. मी दोन्ही अंगठ्या रुमालात बांधून नेल्या होत्या. रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. रंग, ऊन, गारगोटीवरची रेघ, सर, आत्या. मी फार चांगलं बोललो. सभेत बोलतो तसं. ती मशीन न थांबवता ऐकत होती. माझं संपल्यावर तिने धागा तोडला.

"भाऊजी, हे मले कायले सांगता? मले तं माईतच होतं."

"तुम्हाला माहीत होतं ऊन लागून—"

"ऊन नाई माईत. म्या चोरलं नाई हे माईत होतं. म्या तवाच सांगतलं. मोठ्यानं सांगतलं. तुमी सगळ्यायनं ऐकलं." तिने अंगठी उचलून पाहिली, नुसती, आणि रुमालावर ठेवली. "तीन वर्षं माया शब्द नाई चालला. आज गोट्यानं साक्ष देल्ली तं तुमी आले. उद्या गोटा दुसरं काही म्हणन, मंग?"

मी विचारलं, "मग काय केलं म्हणजे तुम्ही याल?"

"पेटी कुठी उघडली होती?"

"अंगणात."

"किती जण होते?"

"वीस-पंचवीस."

"मंग तितक्यायनं, त्याच अंगणात उभं राहून, तितक्याच मोठ्यानं म्हणा. चोर नव्हती म्हणून. नवऱ्याले मागच्या दारानं पाठवून मले नेऊ नका." तिने दुसरं पोलकं मशीनखाली घेतलं. मग म्हणाली, "च्या घेऊन जाजा. भाऊ करून राह्यला."

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला मी आमच्या अंगणात तुळशीपाशी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, की सात मे एक्क्याऐंशीला मी या जागी खोटं बोललो. खडा तोच होता. माझ्या वहिनीने चोरी केली नाही. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. ते कातरत राहिले. रस्त्याने जाणारे दोघे थांबले, पुढे गेले. थोड्या वेळाने माय येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि तेच म्हणाली, हळू आवाजात. तिला मोठ्याने बोलायची सवय नाही. संध्याकाळी आत्या आली. अंगणात आली नाही, दारातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "म्या बोल्लो ते चुकलं. सांग तिले." मी म्हणालो, "अंगणात येऊन म्हणा." ती परत गेली.

आज दोन वर्षं झाली, १९८६ साल आहे. भाऊ कधी कधी रविवारी कारंज्याला जातो, दुकानाबाहेर टायरवर बसतो, चहा पितो, परत येतो. नोकरी अजून पक्की नाही. दोन्ही अंगठ्या कपाटात आहेत, अंधारात. आता अंधाराचा काही उपयोग नाही, गेलेला रंग परत येत नाही. माझं पत्रक मी दुरुस्त केलं. त्यात आता काच हा शब्द नाही. आणि पत्रिका बघणाऱ्याला शिव्या देण्याआधी मी स्वतःचं नाव घालतो, कारण पेटी त्याने उघडली नव्हती. तो त्या दिवशी तिथे नव्हताही.

तुम्ही होता. हे वाचणाऱ्यांत आंजीचे लोक असतील, आमची भावकी असेल. तुम्ही हसला होता. काही जणांनी लुगडी उलटीपालटी करून पाहिली होती. बाकीचे, ज्यांनी आंजी पाहिलीही नाही, तुमच्याही अंगणात कधीतरी कुणाची तरी पेटी उघडली गेली आहे. भांडी घासणारी असेल, सून असेल, हाताखालचा गडी असेल. नंतर वस्तू सापडली असेल, किंवा चोरी झालीच नव्हती असं कळलं असेल. तेव्हा तुम्ही काय केलंत? गुपचूप परत बोलावलंत. जास्तीची साडी दिलीत. विषय काढला नाहीत.

ते चालणार नाही. ज्या जागेवर आरोप केलात त्याच जागेवर जा. जे तेव्हा होते त्यांना बोलवा. ज्या आवाजात चोर म्हणालात त्याच आवाजात, नाव घेऊन, म्हणा की ती चोर नव्हती, खोटे आम्ही होतो. आणि आंजीच्या माझ्या माणसांनो, गुरुवारी सकाळी साडेदहाला अंगण उघडं असतं. तुळस आहे तिथेच आहे. मी आणि माय दर गुरुवारी उभे असतो. दोनच माणसं भरतात. वीस-पंचवीस लागतात. या.